अर्धवट वाचलेलं फर्मान

'रायट' हा शब्द कुणी नुसता उच्चारला, तरी हेप्झी शोरॉकच्या तळपायाची आग मस्तकात जायची. इंग्लंडमधल्या ब्रॅकेनशॉ या गिरणीगावातल्या कुठल्याही विणकरणीला विचारा.

शब्द तिला लहानपणापासून माहीत होता. चॅपेलमध्ये उधळ्या मुलाची गोष्ट सांगताना पाद्री म्हणायचा, की बापाचा पैसा त्यानं 'रायट'मध्ये घालवला. म्हणजे दारू, बायका, चैन. गिरणीमालक होल्डनची शिकारी कुत्री कोल्हा सोडून सशामागं धावली, की चाबूकवाला 'रायट! रायट!' ओरडत त्यांना फोडून काढायचा. रविवारच्या शाळेतले मास्तर सांगायचे, हा शब्द फ्रान्सकडच्या सरदारांबरोबर इथं आला, आणि मुळात त्याचा अर्थ नुसता भांडण.

"भांडणाला दोघं लागतात ना हो, मास्तर?" हेप्झी पुढं आयुष्यभर विचारत राहिली. "मग तुरुंगात एकटा माझाच नवरा कसा गेला?"

झालं ते असं. होल्डननं मजुरी कापली, आणि विणकर त्याच्या घरासमोर जमले. हेप्झी सगळ्यांत पुढं. तिचा नवरा एमॉस तिला परत न्यायला आलेला. ती भांडकुदळ, तो गरीब गाय. "चल गं घरी, चहा गार होतोय," एवढंच त्याचं चाललेलं, आणि तेही आवाज न काढता. मागांच्या खडखडाटात सगळ्यांचेच कान गेलेले. ब्रॅकेनशॉची माणसं ओठांनी बोलायची आणि डोळ्यांनी ऐकायची.

एवढ्यात होल्डन खिडकीत आला. मालकही तोच आणि मॅजिस्ट्रेटही तोच. आहे की नाही मजा! कायदा असा, की राणीचं पांगण्याचं फर्मान शेवटच्या 'देव राणीचं रक्षण करो'पर्यंत मोठ्यानं वाचायचं, आणि मग तासाभरात जो पांगणार नाही तो दंगलखोर, म्हणजे 'रायट'चा गुन्हेगार. या शहाण्यानं कागद धरला तो नेमका तोंडासमोर. कुणाला काय कळणार, कपाळ? लोकांना वाटलं, मालक मजुरीचं काहीतरी चांगलं सांगतोय. म्हणून ते मुकाट थांबले. कागद खाली येईल, मग तोंड दिसेल, या आशेवर थांबले; तो आत गेला, तरी परत येईल म्हणून थांबले. आणि थांबले म्हणूनच शिपायांनी त्यांना झोडपलं. एमॉसला बायकोचा हात सोडवेना, म्हणून तो सापडला.

खटल्याच्या दिवशी कोर्टातला वरचा सज्जा विणकरांनी गच्च भरला होता. होल्डननं बायबलवर हात ठेवून सांगितलं, "मी सबंध फर्मान वाचलं, खणखणीत आवाजात."

"जीभ झडेल मेल्याची," हेप्झी शेजारणीला ओठांनीच म्हणाली.

होल्डन साक्षीला, म्हणून न्यायासनावर दुसरे मॅजिस्ट्रेट होते. त्यांतला मधल्या खुर्चीवरचा मॅजिस्ट्रेट शेजारच्याकडं झुकला. हा शेजारचा फर्मानाच्या दिवशी होल्डनकडंच जेवायला होता. "खरंच सगळं वाचलं का रे यानं?"

"छे! निम्मं. खिडकीवर कुणा पोराचं ढेकूळ आदळलं, तसा आत पळाला."

"असू दे. तू बोलू नकोस."

खाली बसलेल्या कारकुनालाही ऐकू गेलं नाही. पण अख्ख्या सज्ज्यानं बघितलं. आणि मग अख्खा सज्जा एकदम बोलू लागला: निम्मं! निम्मं! आवाज नाही, टाचणी पडली तर ऐकू यावी, आणि वर नुसती तोंडं चाललेली. मॅजिस्ट्रेटचा चेहरा उतरला. "शांतता!" तो ओरडला. कारकून वेड्यासारखा इकडंतिकडं बघायला लागला.

हेप्झी उठली आणि गिरणीतल्या आवाजात गरजली, "निम्मंच वाचलंय! आत्ता तुम्हीच दोघं बोललात!"

"तू ऐकलंस, बाई?"

"बघितलं!"

खालची शिकली-सवरलेली माणसं हसली. बघितलेलं बोलणं कोर्टात चालत नाही म्हणे! तिला बखोटीला धरून बाहेर काढलं, आणि एमॉसला लँकेस्टरच्या वरच्या कोर्टात धाडलं. तिथं त्याला वर्षाची सक्तमजुरी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

लँकेस्टरच्या तुरुंगात बोलायला बंदी होती. नुसते ओठ हलताना दिसले, तरी पाव-पाण्यावर अंधारकोठडी. इतर कैदी ओठ न हलवता कुजबुजून वेळ निभावायचे. एमॉसला कुजबुज कुठली ऐकू येणार? त्याला बोलायचं म्हणजे ओठच, आणि पहारेकरी ओठांवरच टपलेले. सवय सुटेपर्यंत त्यानं कितीदा कोठडी भोगली, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

सुटून आला, तेव्हा हेप्झीनं त्याच्या आवडीचं मटण-बटाट्याचं कालवण केलं. तो खाली मान घालून जेवला.

"कसं झालंय रे?" त्यानं मान वर केल्यावर तिनं विचारलं.

त्याच्या गळ्याची घाटी हलली. ओठ मिटलेलेच.

"एमॉस, तो मुडदा होल्डन नाही इथं! बोल! शिवी दे हवी तर, पण ओठ हलव रे!" तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला.

एमॉसनं आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं. मग हलकेच तिचे हात बाजूला केले आणि रिकामी ताटली तिच्यापुढं सरकवली.