पट्ट्याखालचा स्कार्फ

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं नाव विजयमाला, वय चोपन्न. कोल्हारपासून थोडं आत प्रवरेच्या अंगाला आमची वस्ती आहे. चार घरं, आणि चारी बाजूंनी ऊस. माझे मिस्टर, कल्याण, संगमनेरला दूध संघात रात्रपाळीला असतात, ते सकाळी नऊनंतर घरी येतात. मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे गेलेत. त्यामुळे पाच गाईंच्या चाऱ्याला सकाळी घास कापणं आम्हा दोघींकडेच असतं.

गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या साळूबाई अशाच घास कापायला बसल्या होत्या. लख्ख उजाडलं होतं. बिबट्या उसातून मागून आला. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, पण खाली बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं, असं वनखात्याच्या माणसांनी नंतर सांगितलं. अंबाडा मोठा होता म्हणून मान वाचली. तरी गळ्याला आणि खांद्याला मिळून एकेचाळीस टाके पडले. कोयता घेऊन आरडाओरडा करत पहिल्यांदा धावल्या त्या आत्या. टेम्पोत साळूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेल्या त्याही आत्याच. परत आल्यावर लुगडं त्यांनी स्वतःच धुतलं, मला हात लावू दिला नाही.

मग गावात पट्टे आले. रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या गोरक्षनाथनं जाड रेक्झिनचे गळपट्टे केले होते. बाहेरून दोन-दोन इंचाचे खिळे आणि मागं बक्कल. कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसेच. पहिल्या दिवशी आरशात बघून मला हसू आलं, आत्यांना आलं नाही.

माझी मान लांब आहे, मला पट्टा जमला. आत्यांची मान आखूड. घामानं रेक्झिन चिकटायचं आणि आठ दिवसांत त्यांच्या मानेची कातडी सोलून निघाली. खाली जुन्या धोतराची घडी घातली, ती सरकली. माझी ओढणी गुंडाळली, तिचा गोळा झाला. एका सकाळी मी पाटी घेऊन रानात गेले तर आत्या उसाकडे पाठ करून घास कापत बसलेल्या, आणि पट्टा बाभळीला टांगलेला.

"आत्या! पट्टा!"

"आग व्हतीय गं मानंची. पाच मिनटं."

"साळूबाईंना पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती."

मी असं बोलायला नको होतं. त्यांनी उठून पट्टा घातला, बक्कल लावताना त्यांचे ओठ आवळलेले दिसले. दुपारी त्यांनी पत्र्याची पेटी काढून त्यातली क्रोशाची सुई शोधली. चौथीत असताना शाळेतल्या बाईंनी त्यांना क्रोशा शिकवला होता, तोही सायकलची तार घासून केलेल्या सुईवर. आमच्या घरातले टीव्हीवरचे, फ्रिजवरचे रुमाल, दाराचं तोरण, सगळं त्यांच्या हातचं.

"कोल्हारला जाशील तवा सुती दोरा आन," मला म्हणाल्या. "लोकर नगं, घामाला चिकटती. मऊ सुती. जांभळा मिळाला तर बघ."

त्यांनी त्रिकोणी स्कार्फ विणायला घेतला. चार साखळ्यांचं एवढंसं टोक. पुढच्या ओळीत दोन्ही कडांना एकेक खांब, म्हणजे उभा टाका, वाढवायचा, त्याच्या पुढच्या ओळीत पुन्हा. असं वाढत वाढत ते पाखराच्या पंखासारखं रुंद होत गेलं. त्रिकोणच का, हेही त्यांनी ठरवलेलं होतं. मधलं टोक पाठीवर पडतं, त्यामुळे मानेमागं दुहेरी जाड होतं. दोन बाजूंची टोकं पुढं आणून पोलक्यात खोचली की कापड सरकत नाही.

स्कार्फ होईपर्यंत त्यांनी पट्टा घालायचा नाही आणि घासाला बसायचंही नाही, असं मी सांगितलं. कापायचं मी, आणि राखण त्यांनी करायची, तीही उभं राहूनच. त्यांनी मान्य केलं. पण बाभळीला टेकून उभ्या राहिल्या तरी हातात सुई असायचीच.

"आत्या, राखण करताय का दोरा बघताय?"

"डोळं उसावरच हायेत माझं. हाताला कशाला डोळं लागत्यात?"

मी कापत असायचे, आणि मागून त्यांचं मोजणं ऐकू यायचं. एक, दोन, साखळी. एक, दोन, साखळी. मोजणं थांबलं की माझा विळा थांबायचा.

त्याच आठवड्यात मामांचा कुत्रा नाहीसा झाला. पाण्याच्या मोटारीजवळ चिखलात पंजाचे ठसे दिसले, माझ्या तळहाताएवढे. वनखात्यानं ओढ्याकडेला पिंजरा लावला आणि आत शेळी बांधली. ती शेळी दिवसभर ओरडायची. तिच्या ओरडण्यानं मला भाकरी गिळवायची नाही.

सहाव्या दिवशी त्रिकोण पुरा झाला. मी म्हटलं, झालं, घाला आता.

"कडा राहिलीय."

"कडा कशाला? आत्या, तिकडं जनावर फिरतंय!"

"बिनकडंचा कपडा गुंडाळतो, पोरी. पट्ट्याखाली त्याची दोरी व्हती, परत कातडं सोलतं. कडा असली म्हंजी वजन ऱ्हातं, बसून ऱ्हातो." हे मला पटलं. मग त्या म्हणाल्या, "आनि नुसतं बोडकं चांगलं दिसतं व्हय?"

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्याला खिळे बांधून फिरणाऱ्या बायकांना शोभेची कडा! मी ताट आपटलं. त्या शांतपणे शिंपल्याची कडा घालायला बसल्या. एका टाक्यात पाच खांब, की शिंपला उमलतो. त्याच्या माथ्यावर तीन साखळ्यांची बारीक गाठ, मग दोन टाके सोडून पुढचा. एका बाजूला एका दिवसाहून जास्त वेळ जात होता.

कडेचा तिसरा दिवस. सकाळचे सात वाजून गेले होते. मी पट्टा घालून घासात बसले होते, माझ्या मागं वीस पावलांवर ऊस. आत्या समोर बाभळीखाली उभ्या. मोजणं चाललं होतं. तीन, चार, पाच, आणि थांबलं.

मी वर पाहिलं. आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

"रोहिणी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "उभी ऱ्हा. मागं बघू नगं. पळू नगं."

विळा जमिनीत रोवून त्याच्या आधारानं उठले. मागं उसाचं वाळकं पाचट करकरलं. एकदाच. मग काही नाही.

"ये. माझ्याकडं ये. हळू."

एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मागून कोणीतरी बघतंय हे पाठीला कळतं, ते मला त्या दिवशी समजलं. तेवढ्यात आत्या पुढं सरकल्या. हातातला स्कार्फ त्यांनी दोन्ही टोकांना धरून डोक्यावर ताणला, पुरा रुंद, आणि पोटातून ओरडल्या, "हाऽऽट! हाट! मागं हो!"

माझ्या मागं गुरगुर झाली. मी वळले. वळू नको म्हटलं होतं तरी वळले. तो कडेच्या सरीत दबून बसला होता, कान मागं गेलेले. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते, आत्यांवर होते. आत्या मला मागं टाकून आणखी एक पाऊल पुढं गेल्या. मी त्यांचा पदर धरून मागं ओढत होते, आणि त्या हलत नव्हत्या. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग ते जनावर मागच्या मागं उसात शिरलं. शेंडे हलले, थोड्या अंतरावर पुन्हा हलले, आणि सगळं गप्प झालं.

घरापर्यंत आम्ही उसाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी आलो. दाराला कडी घातल्यावर आत्या खाली बसल्या, आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले. सुई रानातच पडली होती, दोन शिंपले उसवले होते. मी पाणी दिलं, तर तांब्या त्यांना धरता येईना.

कल्याण आले, वनखात्याची गाडी आली, पिंजरा जागा बदलून लावला. त्यात काही सापडलं नाही.

मी दुसरी सुई आणून दिली. त्यांनी घेतली, दोन खांब घातले आणि खाली ठेवली. हात ऐकत नव्हते. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "तू घाल. मी सांगते."

"मला नाही येत."

"मला तरी पोटातनं येत हुतं का?"

राहिलेली बाजू मी घातली. त्या शेजारी बसून बोटानं दाखवायच्या. माझा तिसरा शिंपला चारच खांबांचा झाला. कुणाला दिसणार आहे, मी म्हटलं. त्यांनी सुई काढून घेतली आणि दोरा ओढून सगळं उसवलं. "मला दिसतंय," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा हात पहिल्यांदा स्थिर होता.

स्कार्फ पट्ट्याखाली नीट बसला. पंधरा दिवसांत मानेवरची खपलीही पडली.

डिसेंबरात ऊसतोडीची टोळी आली. पाथर्डीकडची पंकजा नावाची बाई पाचट बाजूला करत होती, ती एकदम किंचाळली. सरीत दोन पिल्लं होती, मांजरापेक्षा थोडी मोठी, एकमेकांच्या अंगावर झोपलेली. आत्या तिथंच उभ्या राहिल्या.

"म्हंजी ती आई हुती," त्या म्हणाल्या.

वनखात्यानं पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवली, आई न्यायला येईल म्हणून, आणि कॅमेरा लावला. सहाच्या आत सगळ्यांनी दारं लावायची असं बजावलं. आम्ही आत बसलो. कुणी टीव्ही लावला नाही. गाई दोनदा उठून उभ्या राहिल्या, त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या वाजल्या, तेव्हा आत्यांनी माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

सकाळी क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात ती आलेली दिसली, दोन खेपांत दोन्ही पिल्लं तोंडात धरून घेऊन गेलेली.

"कुठं गेली?" आत्यांनी वनखात्याच्या माणसाला विचारलं.

"ओढ्याच्या दिशेनं, मावशी. पुढचं कॅमेऱ्याला दिसत नाही."

ओढ्यापलीकडचा ऊस अजून उभा आहे, तो फेब्रुवारीपर्यंत तुटायचा नाही. आत्यांनी स्कार्फचं टोक पाठीवर सोडलं, दोन्ही बाजू पोलक्यात खोचल्या आणि माझ्याकडे पाठ केली. मी पट्टा चढवून बक्कल लावलं.

"घट्ट झालं का?"

"न्हाई. चल, गाया वरडायल्यात. आज मी कापते, तू उभी ऱ्हा."