जळक्या क्लचचा वास

परवा दादा गाडी चालवत होता. घाटात पुढच्या ट्रकच्या जळक्या क्लचचा वास आत शिरला आणि मागच्या सीटवर मी मुठी आवळल्या.

काही वर्षांपूर्वी, आमच्या जुन्या गाडीतही हाच वास होता. इंजिन फिरतं ठेवणारं जड चाक, फ्लायव्हील, दादाने कणकवलीला लेथवर तासून हलकं करून आणलं होतं. "आता नुसतो पाय ठेवलो की उसळतली," म्हणाला. उसळली खरी, पण तिचा दम गेला. तोंडवलीहून परतताना चढावर क्लच सोडला की बंद पडायची आणि मागे घसरायची. हँडब्रेक नावालाच. आत आई देवाचं नाव घेत होती आणि मी उतरून चाकामागे चिऱ्याचा तुकडा सरकवत होते. एकदा गाडी घसरली तेव्हा माझी बोटं चाक आणि चिऱ्याच्या मध्येच होती.

"हात काढ गो!" आरशात बघून दादा किंचाळला.

बोटं वाचली. ओरडला म्हणून मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

ती गाडी केव्हाच विकली. परवा मात्र वास येताच दादाने आरशात पाहिलं.

"हात खंय आसत गो तुझे?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. मगच त्याने गिअर बदलला.