चौकटीमागच्या वंदनाताई

रविवारी सकाळी वंदनाताईंच्या पत्त्यावरून मेल आली. रविवारी त्यांची मेल येणं नवं नव्हतं. कितीतरी वर्षं येतच होती. पण या वेळी विषयाच्या जागी फक्त ‘आई’ एवढंच होतं. पाठवली होती त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं. ताई गेल्या होत्या. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला... त्याला आता सहा आठवडे झाले.

त्यांचं काम समजावून सांगणं जरा अवघड आहे. संगणकावर आपण ज्या पांढऱ्या चौकटीत लिहितो, ती चौकट म्हणजेसुद्धा कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो. आमची चौकट फुकट होती, कुणीही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावी अशी. एका ओळीत मराठी आणि इंग्रजी आलं, की दोन फॉन्ट गुण्यागोविंदानं नांदत नसत, हे तिचं मुख्य दुखणं. आम्ही गावोगावची पाच-सहा हौशी माणसं त्यावर दुरुस्त्या पाठवायचो. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे सरळ ठिगळच: या ओळी काढा, या घाला. एकाचं ठिगळ दुसऱ्यावर चढू नये हे बघणं वंदनाताईंकडे. आठवडाभर खराडीत नोकरी आणि रविवार आमच्या ठिगळांचा. “नागपूरहून इंजिनियर होऊन आले आणि पुण्यात शिवणकाम करून राहिले,” असं त्या हसून म्हणायच्या.

मी तेव्हा हिंजवडीत नवा नवा नोकरीला लागलो होतो आणि आपल्याला फार येतं असा माझा समज होता. मी एक पॅच पाठवला. चूक चार ओळींत सुधारली होती. पण जाता जाता मी अख्खी फाईलच आवरून टाकली. समास सारखे केले, रिकाम्या ओळी काढल्या, लांब ओळी तोडल्या. ताईंनी विश्वासानं तो घेतला... आणि झालं! फाईलमधली जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली, त्यामुळे रांगेत थांबलेल्यांचे पॅच कुठेच बसेनात. त्यात सगळ्यांत मोठा श्रीनिवासरावांचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ प्रोग्रामिंग शिकला, आणि एका फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही तर ते दुसऱ्यात शोधायची सोय त्यानं सहा महिने खपून लिहिली होती. त्यांनी सगळ्यांना एका ओळीची मेल केली: ‘तरुणांनी घर आवरलं आहे, तेव्हा आम्ही निघतो.’

मीही फुरंगटलो. माझा पॅच काढून टाका आणि माझाही रामराम घ्या, अशी लांबलचक मेल लिहिली. संध्याकाळी ताईंचा फोन.

“काय करून राहिला बाप्पा तू? तुझ्या चार ओळी बरोबर आहेत, त्या मी काढणार नाही. श्रीनिवासरावांनाही जाऊ देणार नाही. येत्या रविवारी त्यांच्या घरी जायचं आणि त्यांचा पॅच त्यांच्यासमोर बसून हातानं बसवायचा. मी बोलले त्यांच्याशी.”

“काय म्हणाले?”

“ते तू गेल्यावर म्हणतील ना.”

खरं तर माझी आवराआवर तेवढी मागं घेऊन चार ओळी ठेवता आल्या असत्या. अर्ध्या तासाचं काम. हे मला फार नंतर सुचलं. ताईंना तेव्हाच माहीत असणार. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

सिंहगड रोडवरच्या त्या घराचं दार श्रीनिवासरावांनीच उघडलं. “या. आमची फाईल झाडूनपुसून ठेवल्याबद्दल आभार. चपला मात्र कशाही काढा, आवरू नका.” मग दोन रविवार त्यांनी मला प्रत्येक ओळ का आहे ते सांगितलं. जी मला गबाळी वाटली होती, ती त्यांनी तीन आठवडे डोकं फोडून शोधलेली निघाली. दुसऱ्या रविवारी पॅच बसला. एका ओळीत मराठी आणि इंग्रजी शांतपणे शेजारी उभं राहिलं, आणि आतून साबुदाण्याची खिचडी आली. दुसऱ्यानं लिहिलेलं नीट वाचायला मी त्या घरात शिकलो, आणि आजवर त्याच्यावरच पोट भरतो आहे. श्रीनिवासराव पुढं डोळे साथ देत होते तोवर पॅच पाठवत राहिले.

परवा ऋतुजानं ताईंच्या घरी बोलावलं. “आईच्या मेलमध्ये एक पॅच पडून आहे, काका. लातूरच्या कुणा प्रज्ञाचा. काय करू?” तिनं टेबलाच्या खणातून एक डायरी काढून दिली. आम्हा सगळ्यांचे फोन नंबर, आणि प्रत्येकापुढं ताईंच्या बारीक अक्षरात काहीतरी. श्रीनिवासराव: ‘दुपारी झोपतात. चारनंतर. आधी गुडघ्यांचं विचारावं.’ मग माझं नाव. ‘अनिकेत. लांब मेल आली म्हणजे रुसलाय. उत्तर लिहू नये, फोन करावा.’

मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ऋतुजा चहा टाकायला गेली... इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या आमचे पॅच सांभाळत होत्या.

शेवटच्या पानावर प्रज्ञा होती. ‘नवीन आहे, घाबरते. कॉलेज सुटल्यावर, साडेपाचनंतर.’

घड्याळात साडेचार वाजले होते. मी ताईंच्या खुर्चीत बसलो, तिचा पॅच पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि साडेपाच वाजायची वाट बघू लागलो.