उजवा दिवा

चुडामणला पन्नाशी ओलांडल्यावर परीक्षेला बसावं लागणार, हे ऐकून मी आधी पोट धरून हसलो. उभं आयुष्य हा माणूस जसोंडी गावची केळी ट्रकमध्ये भरून पार दिल्लीपर्यंत पोचवत आला. मध्ये पाय मोडून घरी पडला, त्यात लायसन्सची मुदत संपली, संपून वर्ष उलटलं, आणि आता म्हणे सगळं पहिल्यापासून. आधी कॉम्प्युटरवर प्रश्नांची उत्तरं, मग गाडी चालवून दाखवायची.

"मासोळीले इचारतात, तुले पोहता येतं का!" तो शनवाऱ्याच्या चौकात चहाच्या टपरीवर चारचौघांत ओरडला. मी त्याचा शेजारी. कागदाच्या मिलमधून रिटायर झाल्यापासून त्याचं ओरडणं ऐकायला मला वेळच वेळ आहे.

चुडामण तोंडाचा फटकळ, हाताचा सढळ. लग्नकार्यात पंगतीला उभा राहिला तर पाहुण्याला उठू देत नाही. पण त्याच्या घरात एक नाव काढायचं नाही, इच्छापूरच्या मोतीलालचं. धाकटा भाऊ समाधान त्याला पोटच्या पोरासारखा होता, आणि तो मोतीलालच्या ट्रकखाली गेला. समाधान मोटारसायकलवर, पुढे मोतीलालचा ट्रक, मागे थोड्या अंतरावर आपल्या गाडीत खुद्द चुडामण. मोतीलालनं उजवा दिवा लुकलुकवला, समाधान पुढे निघाला, आणि त्याच क्षणी ट्रक उजवीकडे केळीच्या बागेकडे वळला.

आमच्या रस्त्यांवर पुढचा ट्रक उजवा दिवा देतो तेव्हा तो सांगत असतो की समोर मोकळं आहे, निघ. याला साइड देणं म्हणतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. म्हणून चुडामणनं पोलिसांना, कोर्टाला आणि भेटेल त्याला एकच सांगितलं, "साइड देली अन् पोराले दाबलं." मोतीलाल म्हणायचा, मला वळायचं होतं म्हणून दिवा दिला. आम्ही म्हणायचो, चोराच्या उलट्या बोंबा. कोर्टातून तो सुटला, पण ट्रक त्याच्या हाती पुन्हा कुणी दिला नाही. समाधानचा खुनी म्हणूनच आम्ही त्याला ओळखत आलो. या एका रागावर चुडामणनं भावाचं दुःख पेललं होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याची मुलगी तृप्ती, कॉलेजात जाणारी, मोबाइलवरून सरावाचे हिंदी प्रश्न वाचत होती.

"अगला सवाल, बाबा. आगे वाली गाडी दाहिना इंडिकेटर दे रही है. मतलब?"

"मतलब निघ! याच्यात काय इचारनं!"

"गलत."

"तुह्या मोबाइलले काय कळतं?"

"बाबा, सही जवाब है, गाडी दाहिनी तरफ मुडने वाली है. मागच्यानं थांबायचं."

चुडामण माझ्याकडे बघून हसला. "मंग साइड कशी देतात म्हने?"

तिनं शोधून सांगितलं. खिडकीतून उजवा हात बाहेर काढून पुढे-मागे हलवायचा. "ये तो कोई करता ही नहीं," असं ती वर म्हणाली. मीही हसलो. आणि हसता हसता चुडामणचं तोंड उघडंच राहिलं.

त्यानं मोबाइल तिच्या हातातून घेतला. प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी घाबरलो, मला वाटलं याला काही झालं.

"मंग मोतीलाल खरं बोलत व्हता?" तो म्हणाला.

 इतकी साधी गोष्ट, नियमाच्या पुस्तकात उघड छापलेली, आणि आम्हा कुणालाच कधी बघावीशी वाटली नव्हती.

"उजवा लुकलुकला का निघायचं, हे समाधानले मीच शिकोलं," चुडामण म्हणाला. तृप्ती रडायला लागली. त्याला रडूही येईना. रात्री तो जेवलाही नाही. सकाळी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "स्कूटर काढ. इच्छापूरले जायाचं."

मोतीलाल अंगणात ट्रॅक्टर पुसत होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. मारायला आले, असंच त्याला वाटलं असणार. चुडामण त्याच्यापुढे गेला आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"तुहा दिवा बरोबर व्हता. खोटा मी ठरलो."

 मोतीलालनं ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. दोन्ही इंडिकेटरच्या जागी नुसती भोकं होती.

"काढून टाकले," तो म्हणाला. "त्या दिवशी मी दिवाच नसता देला तं पोरगं मागं रायलं असतं. तवापासून वळायचं असलं का मी गाडी थांबोतो, खाली उतरून मागं पाहतो, अन् मंगच वळतो."

मी थक्क झालो. ज्याचं काही चुकलं नव्हतं तो एवढी वर्षं शिक्षा भोगत होता, आणि आम्ही त्याला शिव्या घालत होतो! मला माझीच लाज वाटली.

"दिवे बसव, रे बाबा," चुडामण काकुळतीला आला. "नियम तुह्या बाजूनं हाये."

"बसोतो. पन मागं येनाऱ्याले कोनी सांगितला हा नियम?"

चुडामणनं त्याचे हात सोडले. तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला त्याची नजर झेपेना.

"मी एकल्या समाधानलेच नई शिकोलं," तो म्हणाला. "शालिग्रामचा पोरगा, ऋषिकेश, अनिकेत… अर्ध्या गल्लीले गाडी मीच शिकोली. समद्यांले हेच सांगितलं."

मोतीलालच्या बायकोनं चहा आणला होता, तो तसाच राहिला. चुडामण मोबाइलमध्ये नावं शोधत होता. पहिला फोन त्यानं अनिकेतला लावला. अनिकेत पहाटेच केळी भरून इंदूरकडे निघाला होता. घंटी पूर्ण वाजली, पण फोन कुणी उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला.