कमलताईंचं सोवळं

हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या संध्याकाळी कमलताई स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून मला म्हणाल्या, "रॉनचं मीट फ्रीझरमधून खाली काढलंस का?" मी म्हटलं, "हो ताई, काढलंय." साफ खोटं! त्या पाकिटाला मी हात लावला नव्हता आणि लावणारही नव्हते. शेजारच्या रॉनना सुपरमार्केटचं रेडी मील नेऊन द्यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ताई निश्चिंतपणे डोळे मिटून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बसस्टॉपवर उभी असताना फोन आला...

कमलताई मूळच्या वाईच्या. लंडनच्या हाउन्सलोत येऊन तीस वर्षं झाली होती. विमानात जाणारं जेवण जिथे तयार होतं अशा एका मोठ्या किचनमध्ये त्या सुपरवायझर होत्या, आणि स्वतः इतक्या कट्टर शाकाहारी की अंड्याचा केकसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून आलो आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. स्वयंपाकघर खाली, दोघींत एकच. 'व्हेजिटेरियन घर' एवढ्यावरच मी भाळले होते. आणि पहिल्याच मंगळवारी खाली जाऊन पाहते तर बाई बीफ चिरतायत! मी दारातच थिजले. "रॉनचा स्ट्यू," त्या मान वर न करता म्हणाल्या.

रॉन म्हणजे पलीकडच्या घरातले निवृत्त बसड्रायव्हर. बायको गेलेली, आणि आता रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चाललेले. अंगात प्रतिकारशक्ती उरली नव्हती. नुसतं पोट बिघडलं तरी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडाची चव गेलेली. बायकोच्या पद्धतीचा स्ट्यू सोडला तर घास उतरत नसे. ताईंनी तिच्या वहीतली कृती उतरवून घेतली आणि दर मंगळवारी पातेलं चढवायला सुरुवात केली. चाखायचा प्रश्नच नव्हता. मीठ चमच्याने मोजून, आणि शिजलं की नाही ते तुकड्यात थर्मामीटर खुपसून. "चव रॉनने बघायची, टेम्परेचर मी," म्हणायच्या. शिजलेला स्ट्यू पसरट डब्यांत ओतून लवकर निववायचा, तास-दीड तासात फ्रिजमध्ये. दोन दिवसांपुरता तिथे, बाकीचा तारखेची चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये.

एका मंगळवारी त्यांना उशीर होणार होता. म्हटलं, जरा मदत करावी. नाक दाबून, रबरी हातमोजे चढवून मी ते मांस नळाखाली खळखळून धुतलं. तांदूळ धुवावेत तसं, तीन पाण्यांनी! शेजारीच रॉनसाठी चिरलेली काकडी ठेवली होती. ताई आल्या आणि कोट न काढताच खुर्चीत बसल्या.

"वॉश केलंस?"

"हो, स्वच्छ!"

"अगं, जर्म्स कुकिंगमध्ये मरतात. नळाखाली धरलं की ते नुसते उडतात. सिंकभर, काकडीवर, तुझ्या बाह्यांवर."

भाताचं शीतही वाया न घालवणाऱ्या त्या बाईने काकडी बिनमध्ये टाकली आणि ओटा, सिंक, भांडी, सगळं गरम पाण्याने घासून काढलं. मी भडकले. "एवढं सोवळं माझ्या आजीचंही नव्हतं!"

त्या हसल्या. "आजीचं सोवळं कुणी शिवू नये म्हणून. माझं रॉन जगावा म्हणून. कच्चं मीट चिरायला लाल बोर्ड, लाल सुरी, फ्रिजमध्ये सगळ्यात खालचं शेल्फ. पाळायचं तर पाळ, नाहीतर वर जा."

मी वर गेले. चार दिवस बोलले नाही. आज लाज वाटते, पण त्या दिवशी मला रॉनच्या जिवापेक्षा माझा अपमान मोठा वाटला होता.

अंत्यसंस्कारानंतर रॉन माझ्याजवळ आले. कोट खांद्यांवरून ओघळत होता. तोवर मी त्यांना दोन मंगळवार रेडी मील दिलं होतं, आपल्याच डब्यात घालून, घरी केल्यासारखं. म्हणाले, "कमलने हॉस्पिटलमधून फोन केला होता. म्हणाली, आता सुधा बनवतेय, डोंट वरी, तिच्या हातचं डोळे मिटून खा. खरं सांगू? गिळवत नाही. तरी सगळं संपवतो. शी ट्रस्टेड यू."

मला त्यांच्याकडे वर बघवेना.

पुढच्या सोमवारी मी मांसाचं ते पाकीट फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या शेल्फवर ठेवलं. मंगळवारी लाल बोर्ड काढला. सवयीने हात नळाकडे गेला, तो मागे घेतला. मांस तसंच चिरलं. ताईंनी उतरवलेल्या कृतीबरहुकूम सगळं घातलं आणि थर्मामीटरचा काटा पंचाहत्तर अंशांवर जाईपर्यंत जागची हलले नाही. डबा रॉनच्या टेबलावर ठेवला आणि आधी सगळं खरं सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. एक चमचा खाल्ला, मग दुसरा. मग उठून मिठाची बाटली आणली.

"मीठ कमी पडलं का?" मी विचारलं.

"कमलच्या स्ट्यूतही कमीच असायचं. वर्षभर. बिचारी चाखू शकत नव्हती, तिला काय सांगायचं?"

मला हसू आलं आणि रडूही, तिथेच, त्यांच्या टेबलाशी. रॉन मात्र खात राहिले. वाडगा रिकामा झाला.

आता दर मंगळवारी स्ट्यू मीच करते. मीठ अजून वाढवलेलं नाही.