कडू न झालेली झाडं

संशोधन संस्थेतल्या काचघराच्या माळीकाकांना झाडावरची अळी म्हणजे स्वतःच्या घरात झालेली चोरी वाटायची. पान उलटून बघायचं, अळी दिसली की चिमटीत धरायची आणि वर तिला दोन शिव्या हासडायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. बायको म्हणायची, "पोरांच्या डोक्यातल्या उवा कधी बघितल्या नाहीत एवढ्या बारकाईने!"

मुलीच्या लग्नासाठी काका आठवडाभर रजेवर गेले. परत येऊन बघतात तर मधल्या रांगेत अळ्याच अळ्या. बदलीच्या माणसाने दिवे लावले, असं समजून त्यांनी कुणी यायच्या आत सगळ्या वेचल्या, कुरतडलेली पानंही खुडली. पुढच्या मंगळवारी सकाळी पुन्हा अळ्या, पुन्हा तेच. तीन महिने हा खेळ चालला. कुणाला विचारायचं तर आपल्या काचघरात कीड आहे हे कबूल करावं लागणार! मग काय, बसले मूग गिळून.

एक दिवस त्या रांगेवर काम करणारी संशोधक मुलगी आपलं टेबल आवरू लागली.

"काय झालं ताई?"

"अळ्या टिकल्याच नाहीत हो काका. दर सोमवारी संध्याकाळी मीच सोडत होते. झाडाला पळता येत नाही ना? म्हणून लाखो वर्षांत ते एक शिकलंय. कुणी कुरतडलं की पानात कडू रस तयार करायचा. त्या रसापासून औषध बनतं. झाड तो कसा करतं ते कळलं असतं, तर तीच करामत यीस्टला शिकवून टाक्याच्या टाक्या भरता आल्या असत्या. पण माझ्या अळ्या पानाला तोंडच लावत नाहीत. सरांनी काम बंद केलं."

सर अजून खालीच, ऑफिसात होते. एका वाक्याचं काम होतं. पण नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि त्याहून मोठी होती ती अब्रू. या भल्या माणसाने तिची खोकी तेवढी गाडीपर्यंत नेऊन दिली.

ते त्यांना आतून खात राहिलं. जेवताना मध्येच हात थांबायचा. निवृत्त झाल्यावर, आज सगळं सांगायचंच असं ठरवून त्यांनी तिला फोन लावला.

"काका! तुम्ही!" तिला केवढा आनंद झाला. आता शाळेत शिकवते म्हणाली. "संशोधनाची नजरच नव्हती हो माझ्यात. वेळेवर कळलं ते बरं झालं. आधी फार रडले, आता काही वाटत नाही. तुम्ही बोला ना, कसा काय फोन केलात?"

"सहजच," काका म्हणाले.