वर विलास, खाली वैशाली

विलास गेल्याचं कळलं तसा मी हातातलं काम टाकून पंचवटीत त्याच्या खोलीवर गेलो होतो. पण तो खरोखर गेला हे मनात उतरलं ते पुढच्या आठवड्यात, त्याच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा. मृत्यूच्या नोंदीसाठी हॉस्पिटलने महापालिकेला द्यायला दिलेला कागद त्यांच्या हातात होता. "भाऊजी, यात मीच मेलेय." मृताच्या रकान्यात वैशाली, माहिती देणाऱ्या नातेवाइकाच्या रकान्यातही वैशाली. विलास कुठेच नाही...

विलास आणि मी गंगापूर रोडवरच्या एका लहान कंपनीत वेबसाइटचे फॉर्म बनवायचो. तो नामपूरचा, मी पेठकडचा. आपापल्या घरात कॉलेज पूर्ण करणारे आम्हीच पहिले, आणि ते कुणाला विसरूही देत नव्हतो. या हॉस्पिटलचा फॉर्म विलासनेच केलेला. एकाच पानावर वर पेशंट, खाली नातेवाईक, दोघांनाही नाव, वय, पत्ता. कॉम्प्युटरला दोन 'नाव' वेगळी कळत नाहीत, खालचं वरच्याला गिळतं. म्हणून विलास प्रत्येक रकान्याच्या नावाआधी खूण लावायचा, पेशंटची वेगळी, नातेवाइकाची वेगळी. म्हणायचा, "आमच्या वर्गात दोन दिलीप. मास्तरांनी नुसतं दिलीप म्हटलं की दोघं उभे. मग एक झाला मळ्यातला, दुसरा बाजारातला. मिटलं!"

आमच्या कंपनीच्या सरांना त्याची चेष्टा सुचायची. "विलासराव, हा कोड आहे का लग्नपत्रिका? जो तो बिरुद लावून!"

"बिरुद नाही सर, पत्ता आहे तो."

पुढे त्याला कावीळ झाली, तो घरी पडला, आणि सरांनी साफसफाई म्हणून त्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. विलासने अंथरुणातून फोन केला. "तू आराम कर," एवढंच उत्तर मिळालं. त्याच हॉस्पिटलात त्याला न्यावं लागलं आणि तिथेच तो गेला.

शोकसभेत सर म्हणाले, विलास आमच्या घरातलाच. कागदाचं सांगितलं तर म्हणाले, "पेनाने दुरुस्त करून देतील रे, एवढं काय?" घरातल्या माणसाचं नाव असं पेनाने लिहितात का? वहिनी अजून खेटे घालताहेत. महापालिकेच्या खिडकीवरचा बाबू हसून म्हणाला, "बाई, तुम्ही तर जिवंत दिसता!" नवरा गेला हेही त्या बाईने सिद्ध करायचं आणि आपण आहोत हेही.

कोणताही फॉर्म हातावेगळा करण्याआधी विलासची एक रीत होती. वर स्वतःचं नाव टाकायचा, खाली वहिनींचं. सेव्ह करून पान पुन्हा उघडायचा. आधी भरलेली दोन्ही नावं जागच्या जागी दिसली की मगच म्हणायचा, "चल, चहा."

परवा सर बाहेर गेले होते. मी विलासच्या खुर्चीत बसलो, हॉस्पिटलचा फॉर्म उघडला. वर विलास, खाली वैशाली. सेव्ह केलं. पान पुन्हा उघडलं... वर वैशाली, खाली वैशाली.

सरांना विचारलं नाही. एकेक खूण परत लावायला घेतली. चहाला उठलो नाही.